जोयड्याची थंडी, मिनेसोटाचा बर्फ आणि कोंबड्यांचं पाणी

गोव्याला सुट्टीसाठी जाणारे आपण बहुतेकजण समुद्राकडे तोंड करून बसतो. त्यात चूक काहीच नाही. पण एकदा पाठ फिरवून बघा. पणजीहून फोंडा, मोले असं पूर्वेकडे निघालं की थोड्याच वेळात नारळाची झाडं मागे पडतात, रस्ता अनमोड घाट चढू लागतो आणि गाडीच्या काचा खाली केल्या तर हवा एकदम गार लागते. घाटमाथ्यावर गोवा संपतो आणि कर्नाटक सुरू होतं. तिथे जो पहिला तालुका लागतो तो जोयडा.

उत्तर कन्नड जिल्ह्यातला हा मोठा तालुका. माणसं मात्र २०११ च्या जनगणनेत ५० हजारांच्या आसपास. बाकी सगळं जंगल. काळी नदी इथेच डिग्गी गावाजवळ उगम पावते आणि १८४ किलोमीटर धावून कारवारला समुद्राला मिळते. दूधसागर धबधब्याच्या वरच्या अंगाला असलेलं कॅसलरॉक स्टेशन याच तालुक्यात. १९६१ पर्यंत ते पोर्तुगीज हद्दीच्या तोंडावरचं स्टेशन होतं आणि तिथे प्रवाशांचं सामान तपासलं जायचं. बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांची समाधी असलेलं उळवीही इथलंच.

आणि मराठी? हा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेला. मधली नव्वदेक वर्षं आणि त्याआधीपासूनचं बेळगाव-खानापूरशी असलेलं रोटीबेटीचं नातं यामुळे इथे मराठी अजून घराघरांत आहे. कुणब्यांची कोकणी, गवळी-धनगरांची त्यांच्या वळणाची मराठी, सिद्दी लोकांची बोली आणि शाळेत कानडी. रामनगरच्या बाजारात एकाच वाक्यात तीन भाषा ऐकू येतात आणि कुणालाच त्याचं नवल वाटत नाही.

माझी मावशी रामनगरला राहते. वय सत्तरीच्या पुढे. गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं तिच्याकडे आठवडाभर राहिलो. मुलांना हत्ती-वाघ बघायचे होते, मला मावशी बघायची होती. पण त्या आठवड्यात आमच्या घरात सर्वांत जास्त चर्चा झाली ती कोंबड्यांच्या पिण्याच्या पाण्याची. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आमच्या तेरा वर्षांच्या लेकीने मिनेसोटात मागच्या अंगणात चार कोंबड्या पाळल्या आहेत. गावाच्या नियमात कोंबड्या चालतात, कोंबडा चालत नाही. चौघींची नावं चटणी, कोशिंबीर, पापड आणि लोणचं. म्हणजे ताटाची डावी बाजू पूर्ण. मावशीला ही नावं सांगितली तेव्हा ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "कोंबडीला नाव ठेवू नये गो. मग ती खाववत नाही." लेक म्हणाली, "आम्ही खातच नाही, फक्त अंडी." यावर मावशीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीची असेल.

मावशीकडे दहा-बारा गावठी कोंबड्या आहेत. दिवसभर त्या परसात, फणसाच्या झाडाखाली, शेजारच्यांच्या वाफ्यात, कुठेही फिरतात. पाण्यासाठी मातीचं एक पसरट परळ आहे. त्यात मधोमध एक गोल दगड ठेवलेला असतो, म्हणजे पिल्लं पाण्यात पडली तरी दगडावर चढून बाहेर येतात. पिल्लांसाठी वेगळ्या करवंट्या. संध्याकाळ झाली की कोंबड्या आपणहून खुराड्यात शिरतात. पिल्लंवाली एक मात्र बांबूच्या डाल्याखाली झाकायची. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही" ही म्हण मुलांना शाळेच्या वर्गात शिकवून कळली नव्हती. डालं हातात घेतल्यावर दोन मिनिटांत कळली.

पहिल्याच संध्याकाळी दिवेलागणीला मावशी परसात गेली, परळातलं पाणी आळूच्या वाफ्यात ओतलं, राख लावून परळ घासलं आणि पायरीवर पालथं घातलं. लेक बघत होती.

"आजी, त्यांना रात्री तहान लागली तर?"

"कोंबडीला रात्रीचं दिसत नाही बाळ. दांड्यावर बसली की उजाडेपर्यंत खाली उतरत नाही. मग पाणी कुणासाठी ठेवायचं? उंदरांसाठी? उंदीर आले की त्यांच्यामागून साप येतो."

हे तिने अगदी सहज सांगितलं आणि आत जाऊन देवापाशी दिवा लावला. आम्हीही विसरलो असतो. पण तिसऱ्या दिवशी बरोबर त्याच वेळेला फोन वाजला.

रामनगर आणि मिनेसोटा यांच्यात हिवाळ्यात साडेअकरा तासांचा फरक असतो. तिथे सकाळचे सात वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. आमच्या कोंबड्यांची जबाबदारी मंडळातल्याच एका कुटुंबाने घेतली होती. त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा रोज सकाळी जाऊन दाणापाणी बघत होता. व्हिडिओ कॉलवर तो टोपी-मफलरमधून फक्त डोळ्यांनी दिसत होता. रात्रीत पारा उणे २९ अंश सेल्सियसवर गेला होता. पाण्याच्या भांड्याखाली ठेवलेली विजेची तापपट्टी बंद पडली होती. त्याच्या बाबांनी बाहेरचं बटण दोनदा बंद-चालू करून पाहिलं, पण काही उपयोग झाला नाही. भांड्यात पाण्याच्या जागी तळापर्यंत बर्फाचा गोळा होता. आणि चौघी त्या गोळ्याभोवती उभ्या राहून चोच मारत होत्या. लेक रडायच्या बेतात आली.

पाणी ही कोंबडीच्या बाबतीत चैन नाही. अंड्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. जेवढं खाते त्याच्या वजनाच्या साधारण दुप्पट पिते. पाणी मिळालं नाही तर ती दाणेही कमी खाते, आणि थंडीत ऊब टिकवायला दाणेच लागतात, कारण तिच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे थंडीतली कोंबडी आधी तहानेने अडते आणि मग गारठते. पिसांमुळे कोरडी थंडी ती बऱ्यापैकी सोसते.

मावशीला उणे २९ म्हणजे काय ते कळेना. तिच्याकडे त्या दिवशी पहाटे १२ अंश होते आणि ती कानाला टापशी बांधून बसली होती. लेकीने तिला समजावलं, "आजी, तुझ्या फ्रिजमध्ये वर बर्फाचा खण आहे ना, त्याच्याहूनही थंड. अख्खं गावच त्या खणात." घरगुती फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा तिचं म्हणणं बरोबरच होतं.

मावशीने थोडा वेळ विचार केला. मग तिने विचारलं, "पण रात्री पाणी ठेवताच कशाला?"

आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. गेल्या दोन हिवाळ्यांत आमचा सगळा झगडा रात्रभर पाणी पातळ ठेवण्यासाठी चालला होता. डिसेंबरअखेर मिनेसोटात दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो. उरलेले पंधरा तास कोंबड्या दांड्यावर बसलेल्या असतात आणि चोच ओली करायलाही उतरत नाहीत. त्या पंधरा तासांच्या, म्हणजे सर्वांत थंड तासांच्या पाण्याची खरं तर कुणालाच गरज नव्हती.

मावशीचं पुढचं सांगणं फोनवरून थेट त्या मुलाला गेलं. संध्याकाळी भांडं रिकामं करून पालथं घाल. उजाडलं की अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट पाणी दे, कढत नको. दुपारी परत, दिवस मावळायच्या आधी परत. आणि भांडी दोन ठेव. एक बाहेर असताना दुसरं घरात. "आमच्या न्हाणीत तांब्याचा हंडा कायम चुलीवर असतो. थंडीच्या दिवसांत मी त्यातलंच तांब्याभर कोंबड्यांना घालते. तुमच्याकडे नळालाच गरम पाणी येतं ना? मग झालं तर!" त्या मुलाच्या आईने शेतकी सामानाच्या दुकानातून काळ्या रबराची दोन घमेली आणली. रबराचं घमेलं का, तर बर्फ झाला तरी ते पिळता येतं, ठोकायला लागत नाही आणि फुटत नाही. पाण्याचा बर्फ होताना तो साधारण ९ टक्के फुगतो. मातीचं परळ किंवा पातळ प्लास्टिकचं भांडं त्यात तडकतंच.

त्या रात्री झोप कुणालाच नीट आली नाही. लेकीच्या बाबांनी मग कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. तो मुलांना फार आवडला, म्हणून इथे देते. शून्य अंशाच्या पाण्याचा शून्य अंशाचाच बर्फ होताना जेवढी उष्णता बाहेर पडते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवता येतं. म्हणजे गोठणं हे सोपं काम नाही, त्याला वेळ लागतो. ४० अंशांचं पाणी शून्यावर यायला लागणाऱ्या उष्णतेच्या दुप्पट उष्णता पुढे गोठताना जाते. म्हणून पाणी फार कढत देऊन विशेष फायदा होत नाही. ते किती खोल आहे, त्याचा पृष्ठभाग किती उघडा आहे, वारा लागतो का आणि भांडं कशावर ठेवलंय, यावर जास्त अवलंबून असतं. पसरट परळ जोयड्याला चांगलं, कारण तिथे पाणी गार राहावं असं वाटतं. मिनेसोटाला खोल भांडं चांगलं. त्याला जुन्या टायरमध्ये बसवून भोवती गवत भरलं, तर आणखी थोडा वेळ मिळतो. काळं भांडं उन्हात ठेवलं तर तेही मदत करतं.

मिठाच्या पाण्याची बंद बाटली भांड्यात तरंगत ठेवली की पाणी गोठत नाही, असं बरेच लोक सांगतात. मीठ बाटलीच्या आत असतं, बाहेरच्या पाण्याला त्याचा उपयोग नाही. वाऱ्याने बाटली हलली तर वरचा पापुद्रा थोडा वेळ मोडतो, एवढंच. शून्याच्या जरा खाली ते चालेल, उणे २९ ला नाही. पाण्यातच मीठ घालणं तर कोंबड्यांना घातक आहे. आणि उबेसाठी टांगतात ते मोठे दिवे आम्ही कधीच लावले नाहीत. खाली कोरडा भुसा आणि वर तापलेला दिवा, यातून खुराडी पेटल्याच्या बातम्या तिकडे दर हिवाळ्यात येतात.

आपल्याकडे महाराष्ट्रातही पाणी गोठतं बरं का. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवाचा बर्फ झाल्याचे फोटो मराठी पेपरांत जवळजवळ दरवर्षी येतात. २०१८ च्या डिसेंबरअखेर निफाडला पारा २ अंशांच्या खाली गेला होता. तेव्हा द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागल्या. जोयड्याला मात्र असं काही होत नाही. इथल्या लोकांचं आणि पाण्याचं भांडण वेगळं आहे.

ते कळलं दुसऱ्या दिवशी. आम्ही मावशीला घेऊन गणेशगुडीला सुपा धरण बघायला गेलो. १०१ मीटर उंचीचं हे धरण काळी नदीवर आहे. १९७० च्या दशकात काम सुरू झालं, १९८७ मध्ये पुरं झालं. मागे पसरलेला जलाशय नजरेत मावत नाही. त्यात १४५ टीएमसीहून अधिक पाणी मावतं. या पाण्यावर खाली वीज तयार होते. धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर गणेशगुडीला रबरी होड्यांचा खेळ चालतो. मुलं त्यासाठीच हट्ट धरून बसली होती.

मावशी कठड्याला हात लावून उभी होती. या तालुक्याचं नाव पूर्वी सुपा होतं आणि सुपा गाव तालुक्याचं ठिकाण होतं. ते गाव या पाण्याखाली आहे. मावशी लग्न होऊन त्या गावात आली, तिची पहिली चूल तिथेच मांडली. धरण होणार हे ठरल्यावर बऱ्याच कुटुंबांना रामनगरला वसवण्यात आलं आणि तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली.

"पाणी एकदम येत नाही," ती मुलांना सांगत होती. "सिनेमात दाखवतात तसं नाही. आधी माणसं जातात, मग दारं-खिडक्या जातात, मग कौलं जातात. पाणी सगळ्यात शेवटी येतं." तिच्या सासऱ्यांनी घराची सागवानी तुळई काढून आणली. सासूने तुळशीची माती आणली. मावशीने एका डाल्यात पाच कोंबड्या आणि एक कोंबडा घालून डालं ट्रकमध्ये मांडीवर धरलं. "बाकी सगळं सरकारी कागदात लिहिलेलं होतं. कोंबड्या कुणी मोजल्या नव्हत्या. म्हणून त्या तेवढ्या माझ्या."

रामनगरला आल्यावर सुरुवातीची कित्येक वर्षं उन्हाळ्यात पाण्याची ओढ असायची. घागर डोक्यावर घेऊन लांब जावं लागायचं. "गाव पाण्यात बुडालं आणि आम्ही इकडे पाण्याची वाट बघत बसलो," एवढंच ती म्हणाली. तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. त्या दिवसांत घरात पाणी मोजून वापरायचे, पण कोंबड्यांचं परळ सकाळी आधी भरायचं असा तिचा नियम होता. माणूस मागून घेऊ शकतो, कोंबडी मागू शकत नाही.

परत येताना मुलांनी होडीचा हट्ट केला नाही. मावशीनेच त्यांना पाठवलं. "जा, भिजून या. पाण्यावर राग धरून काय होतंय?"

त्यानंतर एक दिवस आम्ही जोयड्याच्या पुढे, कुंभारवाड्याच्या बाजूला, मावशीच्या ओळखीच्या एका कुणबी घरी गेलो. मातीची सारवलेली भिंत, पुढे पडवी, पडवीत घोरकंद आणि सुरणासारख्या कंदांचे ढीग. जोयड्याचे कुणबी कंदमुळांच्या शेतीसाठी नावाजलेले आहेत. अलीकडे जोयड्याला हिवाळ्यात कंदांचा मेळावाही भरतो. त्या घरच्या वहिनींनी उकडलेले कंद आणि हिरव्या मिरचीची चटणी दिली. मुलांनी परत मागून खाल्लं. त्यांच्या परसातून झऱ्याचं पाणी पोफळीच्या पन्हळीतून येत होतं आणि पन्हळीच्या टोकाशी कोंबड्या रांगेने पीत होत्या. वाहतं पाणी सहसा गोठत नाही, हे लेकीच्या लगेच लक्षात आलं. तिकडे काही लोक छोटा पंप लावून पाणी फिरतं ठेवतात, त्याचं तत्त्व हेच. फक्त इथे पंप नव्हता, उतार होता.

तेवढ्यात जंगलातून एक तुटक आरोळी आली. घरचा कोंबडा आरवतो तशी, पण शेवट मधेच तोडल्यासारखा. वहिनी म्हणाल्या, "रानकोंबडा." सह्याद्रीतला हा राखाडी रानकोंबडा फक्त भारतात आढळतो. आपल्या घरच्या कोंबडीचा मूळ पूर्वज आग्नेय आशियातला लाल रानकोंबडा. पण २००८ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की घरच्या कोंबड्यांच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग लाल रानकोंबड्याकडून आलेला नाही. तो या राखाडी रानकोंबड्याच्या वंशातून आला. आमच्या चटणीचे पाय पिवळेधमक आहेत. लेक कितीतरी वेळ झाडीकडे बघत उभी होती. मिनेसोटाच्या बर्फात उभ्या असलेल्या तिच्या कोंबडीचं आजोळ निदान पायांपुरतं आपल्याच बाजूला निघालं!

थंडीसाठी माणसाने कोंबडीही घडवली आहे. कॅनडात क्युबेकमधल्या ओका गावच्या मठात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शांतक्लेर नावाची जात तयार झाली. तिला तुरा आणि गळ्याखालचे लोळे जवळजवळ नसतातच, कारण थंडीत पहिल्यांदा तेच गोठतात. जोयड्याच्या गावठी कोंबड्याचा तुरा मात्र लालभडक आणि उंच. उष्ण हवेत अंगातली उष्णता त्यातून बाहेर जाते. जिथे जन्मली तिथल्या हवेला ती शोभते.

कुंभारवाड्याच्या आसपासची बरीच गावं काळी व्याघ्र प्रकल्पात किंवा त्याच्या काठाला आहेत. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ मध्ये हा प्रकल्प जाहीर झाला, २०१५ पासून त्याला काळी नदीचं नाव आहे. जंगलातली जी कुटुंबं आपखुशीने बाहेर जातील त्यांना सरकारी योजनेत आता १५ लाख रुपये मिळतात. त्या घरातही हीच चर्चा चालू होती. मुलाला जायचं आहे, कारण शाळा आणि दवाखाना लांब. वहिनींचा पाय निघत नाही. दोघांचंही म्हणणं आम्हाला पटलं. मावशीने काही सल्ला दिला नाही. निघताना फक्त म्हणाली, "जाल तिथे आधी पाणी बघा. घर नंतर बघा."

हे ती परक्या घरी बोलली, पण गाडीत बसल्यावर आपलंही सांगून टाकलं. बेळगावला राहणारा तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, दोन वर्षं तिला कायमचं घेऊन जायचं म्हणतोय. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट आहे, सून प्रेमळ आहे, डॉक्टर कोपऱ्यावर. मावशीच्या गुडघ्यांनी जिना-पायरी होत नाही. नाही म्हणायला कारणच नाही. "पण कोंबड्यांचं पाणी कोण बघणार?" असं ती दर वेळी म्हणते आणि सगळे हसतात. त्या दिवशी आम्ही हसलो नाही. एकदा घर सोडताना मांडीवर डालं होतं. या वेळी तिला तेही नेता येणार नव्हतं.

उत्तर काढलं ते लेकीने, आणि तेही तिकडच्या अनुभवावरून. तोवर मिनेसोटात चार दिवस तो मुलगा दिवसातून तीन वेळा, बर्फातून चालत, कोमट पाणी घेऊन जात होता. चौघीजणी ठीक होत्या. लोणच्याच्या तुऱ्याचं टोक थंडीने काळं पडलं, बाकी काही झालं नाही. अंडी बंद होती, पण दिवस लहान झाला की ती तशीही कमी होतात. लेक म्हणाली, "आजी, आपण नसताना आपल्या कोंबड्यांना कुणीतरी पाणी देतंच ना? तू त्याला फोनवर शिकवलंस. इथे कुणाला तरी शिकव."

मावशी दोन दिवस काही बोलली नाही. मग शेजारच्या घरातल्या दहावीतल्या मुलीला बोलावून तिने विचारलं. ठरलं ते असं: पावसाळ्याचे तीन महिने मावशी बेळगावला जाईल. घाटमाथ्यावरच्या पावसात गुडघे सर्वांत जास्त दुखतात आणि परसात घसरायची भीतीही तेव्हाच असते. तेवढे दिवस कोंबड्या ती मुलगी बघेल, अंडी तिची. दसऱ्याला मावशी परत. कायमचं जाणं पुढे बघू. मावसभावाला हे अर्धंच यश वाटलं. मावशीला ते पुरेसं वाटलं. दोघांनी बोलून ठरवलं, याचा मला जास्त आनंद झाला.

घरी परतल्यावर आम्ही तापपट्टी नवीन घेतली, कारण शाळा-नोकरीच्या दिवसांत दुपारी घरी कुणी नसतं. पण ती आता फक्त दिवसा चालू असते. आमची रोजची पद्धत अशी आहे, कुणाला उपयोगी पडली तर बघा. संध्याकाळी भांडं रिकामं आणि पालथं. उजाडल्याबरोबर कोमट पाणी, यात उशीर नको. कडाक्याच्या थंडीत दोन रबरी घमेली आलटून पालटून. भांडं खुराड्याबाहेरच्या आडोशाला, कारण आत पाणी सांडलं की दमट हवा होते आणि तुरे थंडीपेक्षा ओलाव्याने लवकर गोठतात. झरोका हिवाळ्यातही उघडा. बर्फ खाऊन कोंबड्यांची तहान भागते या भरवशावर राहायचं नाही. आणि गावाला जाताना वीज गेली तर काय करायचं, हे शेजाऱ्याला आधीच दाखवून ठेवायचं.

मावशीला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. तिने लक्ष देऊन ऐकलं आणि एकच दुरुस्ती सांगितली: भांडं पालथं घालायच्या आधी राखेने घासायचं राहून गेलंय. आमच्याकडे राख नाही असं म्हटल्यावर ती म्हणाली, "मग चूल कशावर पेटवता?" आणि उत्तराची वाट न बघता तिने फोन लेकीला द्यायला सांगितला.